कोकणातला पाळणा हलला कुठे?

प्रश्न : आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातली तेरा बारमाही कुलपात. मुलंच कमी होतात म्हणून गावं ओस पडली, असं सगळे म्हणतात. खरं आहे का? (एक वाचक, लांजा)

मुलं कमी झाली हे खरं, पण गावं ओस पडायचं ते मुख्य कारण नव्हे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच होतं) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

मुंबईला जाणं कोकणाला नवं नाही. गिरणीत लागलेला चाकरमानी गिरणगावात गाळ्यावर दहा जणांत राहायचा, बायको-मुलं गावी. महिन्याची मनीऑर्डर यायची, गणपती-शिमग्याला तो स्वतः यायचा आणि मूल जन्मायचं ते गावातच. म्हणून पुरुष जाऊनही लोकसंख्या वाढत राहिली. पुढे बायकोही त्याच्यासोबत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला, पण पुढच्या पिढीनं डोंबिवली, विरार, बदलापूरला खोल्या घेतल्या. पाळणाच तिकडे हलला. मूल होण्याच्या वयातली जोडपी गावात नाहीत, मग जन्माची नोंद गावात कुठून होणार? मागे राहिले ते म्हातारे. त्यामुळे मृत्यू मात्र गावच्याच दप्तरी चढतात.

गंमत नव्हे, पण मूळ मुंबई शहरही, म्हणजे गिरगाव-परळचा जुना भाग, त्या दशकात ३३ लाखांवरून ३१ लाखांखाली घसरलं. चाळीतला कोकणी माणूस दुसऱ्यांदा हलला, हे त्यातलं एक कारण.

प्रश्न : रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. कोकणात मुलीला मान आहे, असा याचा अर्थ घ्यायचा का? (एक शिक्षिका, चिपळूण)

नाही, बाई. हा आकडा गावातून गेलेल्या पुरुषांचा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांकडे पाहा, तिथे रत्नागिरीतही मुली हजारापेक्षा कमीच आहेत. कुटुंबंच्या कुटुंबं जाऊ लागली तसा हा आकडा उतरतोय : सिंधुदुर्गात २००१ ला १०७९ होता, २०११ ला १०३६.

प्रश्न : राज्यात बाईमागे दोनपेक्षा कमी मुलं, तरी लोकसंख्या वाढते कशी?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ आला. पिढी जागच्या जागी राहायला २.१ लागतो. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात जन्मलेल्यांची पिढीच मोठी आहे. घरटी एक-दोनच मुलं झाली, तरी घरंच जास्त. ती पिढी पुढे सरकली की वाढ थांबेल.

प्रश्न : शाळेची पटसंख्या नऊवर आली. तरुण जोडप्यांना जास्त मुलं होऊ द्या, असं ग्रामसभेत सांगावं का? (एक सरपंच, राजापूर तालुका)

सांगू नका, कळकळीनं म्हणतो. मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आली, म्हणून मुलं कमी झाली. ही कमाई आहे, ती परत करायची नाही. शिवाय ज्यांना सांगायचं ती जोडपी तुमच्या ग्रामसभेत बसतच नाहीत.

त्यापेक्षा दोन याद्या करा. सत्तरीपुढचे एकटे राहणारे किती, रात्री छातीत दुखलं तर त्यांना गाडीत घालून नेणारं शेजारी कोण आहे, ही पहिली. दुसरी आंब्याच्या बागांतली. कलमं राखायला आलेले नेपाळी गडी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतात, काहींची बायका-मुलंही सोबत असतात. त्यांची सहा वर्षांपुढची मुलं किती, हे बागायतदारांना विचारून लिहून घ्या आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गुरुजींना सोबत घेऊन त्या मांगरात जा. २०२७ च्या जनगणनेला प्रगणक येईल, तेव्हा त्यालाही तीच वाट दाखवा.