खाण थांबली तरी शाळेचं काम थांबू नये, असं मागा

तुमचा प्रश्न वाचला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तुमच्या गावाजवळची खाण पुन्हा सुरू व्हायच्या बेतात आहे, कंपनीच्या फाउंडेशनची माणसं शाळेत येऊन गेली आणि "काय हवं ते आठवडाभरात लिहून द्या" असं सांगून गेली. पालक-शिक्षक संघात आता दोन तट पडलेत. काहींना स्मार्ट टीव्ही, रंगकाम आणि दप्तरं मागायची आहेत. काहींना खाणवाल्यांचं काहीच नको आहे. मी डिचोली तालुक्यात बरीच वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर खाणपट्ट्यातल्या शाळांसाठी चालणाऱ्या अशाच एका कामात होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पैसे घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हे कुणी मेहरबानी म्हणून देत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावीच लागते. जिथे कंपनीचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. तेव्हा त्यांच्यापुढे अर्ज ठेवताना हात जोडून उभं राहायची गरज नाही. नीट विचार करून, मान ताठ ठेवून मागा.

विचार करायचा तो इथे. ही रक्कम नफ्यातून येते, आणि खाणीचा नफा एका निकालाने थांबू शकतो. गोव्याने हे दोनदा पाहिलं. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. थोड्याफार सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं, म्हणजे खाणी चालवायच्या भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद. कर्ज काढून घेतलेले टिप्पर दारात उभे राहिले, गॅरेजं आणि खानावळी ओस पडल्या, हे सगळ्यांना आठवतं. शाळांमध्ये काय झालं ते कमी जणांनी पाहिलं. एका फाउंडेशनने आमच्या भागात तीन-चार शाळांना गणित आणि इंग्रजीसाठी मानधनावर शिक्षिका दिल्या होत्या, शिवाय वाड्यावाड्यांवरून मुलं आणायला गाडी होती. दोन्ही वर्षाच्या मध्येच थांबलं. आदल्या महिन्यापर्यंत अपूर्णांक समजू लागलेली मुलं अर्ध्यावर राहिली. लांबच्या वाड्यावरच्या दोन मुलींचं शाळेत येणंच अनियमित झालं, आणि त्यांच्या आयांना मी काय सांगणार होते? त्या शिक्षिकांनी जीव ओतून शिकवलं होतं. चूक कराराच्या कागदात होती. खाण थांबली तर पुढे काय, याबद्दल त्यात एक ओळसुद्धा नव्हती.

म्हणून प्रत्येक मागणीला एकच प्रश्न लावा: उद्या खाण थांबली, तर याचं काय होईल?

या प्रश्नाला टिकलेलं काय, हे गोव्याच्याच इतिहासात दिसतं. मुक्तीनंतर वर्षभरात, १९६२ साली, पणजीत धेंपे महाविद्यालय आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झालं. दोन्हींच्या मागे खाणव्यवसायातली घराणी होती. पुढे १९७३ मध्ये साळगावकरांचं कायदा महाविद्यालय आलं. २०१२ आणि २०१८ या दोन्ही तडाख्यांत यांतलं एकही बंद पडलं नाही. त्यांच्या स्वतःच्या संस्था होत्या, विद्यापीठाची मान्यता होती, शिक्षकांचे पगार त्या वर्षीच्या खनिजाच्या भावावर अवलंबून नव्हते. (माझ्या मनात सल एवढीच, की खनिज निघालं डिचोली, सत्तरी, सांगे इथून आणि महाविद्यालयं झाली पणजी-मडगावला. आमच्या मुलांना पहाटेची बस धरावी लागायची.) भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, पण खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा पसरल्या त्या मुख्यमंत्री म्हणून, सरकारी तिजोरीतून. त्याच शाळा आज आपण सांभाळतो आहोत.

गावच्या शाळेला महाविद्यालय होता येत नाही, पण त्यातून उचलण्यासारखं पुष्कळ आहे. स्मार्ट टीव्ही मागू नका, असं मी म्हणणार नाही. फक्त तो यादीत सर्वांत खाली ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते आणि विजांच्या कडकडाटात किती यंत्रं जळतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून कपाटात पडलेले टीव्ही मी एकाहून अधिक शाळांत पाहिले. रंगकाम तर तीन पावसाळ्यांत उतरतं.

सर्वांत वर माणूस मागा. पाचवी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणारी एक चांगली शिक्षिका, किंवा चार शाळांना मिळून वाचनालय चालवणारी एक व्यक्ती. खाणपट्ट्यातल्या मुलांचा खरा तोटा तिथेच होतो: प्राथमिक शाळेतून माध्यमिकमध्ये जाताना पाया कच्चा राहतो आणि नववीत मूल गळतं. फाउंडेशनची माणसं म्हणतील, मानधन हा चालू खर्च आहे, आम्ही वस्तू देतो. तेव्हा त्यांना शांतपणे सांगा, की या सामाजिक खर्चाच्या नियमांमध्ये 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं, म्हणजे एकूण चार आर्थिक वर्षांपर्यंत एकच प्रकल्प मंजूर करता येतो. त्या प्रकल्पाची रक्कम मार्चअखेर खर्च झाली नाही, तर ३० दिवसांच्या आत बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि तीन वर्षांत त्याच कामासाठी वापरावी लागते. माझ्या मते तुमच्यासाठी हीच सर्वांत कामाची तरतूद आहे. वेगळ्या खात्यात गेलेला पैसा खाण थांबली म्हणून कंपनीला परत घेता येत नाही. तुमची मागणी संचालक मंडळाच्या ठरावात 'चालू प्रकल्प' म्हणून नोंदवली आहे का, हे लेखी विचारा. पत्राची प्रत मुख्याध्यापकांच्या फायलीत ठेवा, कारण बदलीत माणसं जातात आणि फाइलच उरते.

कराराच्या कागदात आणखी एक कलम घाला: काम बंद करायचं झालं, तर ते शैक्षणिक वर्ष संपल्यावरच होईल आणि सहा महिने आधी कळवलं जाईल. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. मागायचं सुचत नाही, म्हणून ते राहून जातं.

वस्तू घ्याल त्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या नावावर करून घ्या. या निधीतून घेतलेली मालमत्ता कंपनीने स्वतःकडे ठेवायची नसते. ती सरकारी यंत्रणेकडे, नोंदणीकृत सेवाभावी संस्थेकडे किंवा लाभार्थ्यांच्या बचतगटासारख्या समूहाकडे जावी लागते. हस्तांतराचा कागद नसला, की पाच वर्षांनी संगणक मोडीत काढायलाही कुणाची सही मिळत नाही.

आता ज्यांना काहीच नको आहे, त्यांच्याबद्दल. त्यांची भीती खरी आहे आणि तिला हसू नका. शाळेला रंग दिला, की धुळीबद्दल तोंड उघडायचं नाही, असा दबाव गावात येतो. मी तो जवळून पाहिला आहे. त्यावर नियमांमध्येच उत्तर आहे. दुसऱ्या कायद्याने जे करणं कंपनीला बंधनकारक आहे, ते सामाजिक खर्चात धरता येत नाही. रस्त्यावर पाणी मारणं, टिप्परवर ताडपत्री घालणं, डंपाखाली (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाखाली) संरक्षक भिंत बांधणं, गाळ शेतात जाऊ नये म्हणून तळी राखणं या पर्यावरण परवान्याच्या अटींतल्या गोष्टी आहेत. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, की आतलं पाणी उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी आटतात. त्याची भरपाई हीसुद्धा कंपनीची जबाबदारी आहे. यातली एकही गोष्ट शाळेच्या अर्जात लिहू नका. लिहिलीत, तर हक्काची गोष्ट देणगीच्या रांगेत जाऊन बसते. सत्तरीतल्याच सोनशीच्या लोकांनी २०१७ च्या एप्रिलमध्ये धूळ आणि पाण्यासाठी खनिजाचे ट्रक अडवले, तेव्हा चाळीसहून अधिक गावकऱ्यांना अटक झाली होती. धूळ आणि पाणी हे विषय केवढ्या थराला जातात, ते त्या गावाने भोगलं आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य जरूर घाला: "या मदतीचा खाणीच्या परिणामांबद्दलच्या ग्रामस्थांच्या तक्रारींशी कोणताही संबंध राहणार नाही." नाराज गटाला ते वाक्य ठरावात दिसलं, तर संघातली फूटही बरीच मिटेल, असं मला वाटतं.

शिवाय एक दुसरी तिजोरी आहे, जिच्याकडे गावं फार कमी वळतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाण आणि खनिज कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. लिलावात दिलेल्या लीजवर रॉयल्टीच्या (खनिजाबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या) १० टक्के आणि त्याआधीच्या जुन्या लीजवर ३० टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. लोहखनिजाची रॉयल्टी भावाच्या १५ टक्के असते. म्हणजे लिलावातल्या खाणीतून निघालेल्या दर १०० रुपयांच्या खनिजामागे दीड रुपया बाधित गावांसाठी बाजूला पडतो, आणि कंपनीला नफा झाला की तोटा, याच्याशी त्याचा संबंध नसतो. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरचा परिसर थेट बाधित धरला जातो, आणि किमान ७० टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण, कौशल्य यांसारख्या अग्रक्रमाच्या विषयांवर व्हावा, असं सांगितलं आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. नवीन वर्गखोली, मुलींची स्वच्छतागृहं, पिण्याच्या पाण्याची टाकी, असं सगळं मोठं बांधकाम इथे मागा. ग्रामसभेत ठराव घ्या, पंचांच्या सह्या घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. फाउंडेशनकडे माणसं आणि प्रशिक्षण, प्रतिष्ठानकडे बांधकाम आणि पाणी, अशी वाटणी केलीत, तर दोन्हीकडे नकार कमी मिळतो.

मोठ्या मुलांसाठी कौशल्यशिक्षण मागणार असाल, तर एवढं पाहा, की ते फक्त खाणीतल्या कामाचं नसावं. टिप्पर आणि अवजड यंत्रं चालवायला शिकवतो, असं सांगितलं की घरातले मोठे लगेच खूश होतात, पण २०१२ नंतर सर्वांत आधी रिकामे बसले ते हेच हात. वीजकाम, फ्रिज-एसी दुरुस्ती, वेल्डिंग, रुग्णसेवा यांपैकी जे शिकून म्हापसा-वेर्ण्यालाही काम मिळेल, ते मागा. डिचोली तालुक्यातल्या साखळी इथे सेसा या खाणकंपनीने तंत्रशाळा चालवली आणि १९९९ मध्ये फुटबॉल अकादमी सुरू केली. अशा ठिकाणी शिकलेलं मूल खाणीवर अवलंबून राहत नाही, म्हणून ती उदाहरणं फाउंडेशनच्या माणसांपुढे ठेवायला चांगली आहेत. डिचोलीच्या आयटीआयला जाणाऱ्या मुलींचं बसभाडं आणि हत्यारांचा संच ही लहान मागणी आहे. ती बहुधा पहिल्याच बैठकीत मंजूर होईल.

शेवटी वेळेबद्दल. आठवडाभरात द्या म्हणाले, तरी घाई करू नका. मुदत वाढवून मागा, मिळते. कंपन्यांचा वार्षिक आराखडा एप्रिलपासूनच्या वर्षासाठी ठरतो आणि मंजूर प्रकल्प त्यांना संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबरात दिलेला अर्ज त्या आराखड्यात बसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिलात, तर उरलेले पैसे संपवायचे म्हणून दप्तरं आणि छत्र्याच हाती येतात. तोवर एक काम करून ठेवा: पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला मराठीतला एक परिच्छेद वाचायला द्या आणि भागाकाराचं एक गणित सोडवायला द्या, आणि कुणाला काय जमलं ते वहीत लिहा. अर्जाला ती नोंद जोडली, तर शिक्षिकेची मागणी नाकारणं त्यांना फार जड जाईल. वर्षभरानंतर तीच नोंद पुन्हा करून दाखवता आली, तर मुदतवाढीसाठी वेगळा अर्ज लिहायची गरजही पडणार नाही. अर्जाचा मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून सांगेन.