येशूवरचे चित्रपट पाहिले म्हणजे ख्रिस्ती ईश्वरविज्ञान (देव आणि श्रद्धा यांचा पद्धतशीर विचार) आणि सिनेमा यांचा अभ्यास झाला का? नेमकं काय पाहायचं?

पडद्यावर क्रूस किती वेळा दिसला, पाद्री किती आले, हे मोजून हाती काही लागत नाही. कॅमेरा कुठे ठेवला आणि कट कुठे मारला, ते बघा. तरीही सुरुवात येशूपटांपासूनच करा, कारण दिग्दर्शकाची अडचण तिथे सगळ्यात उघडी पडते.

इ.स. 451 मध्ये खल्किदोनच्या धर्मपरिषदेने ठरवलं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे. दोन्ही स्वभाव एकाच व्यक्तीत, त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. कागदावर हे लिहिता येतं, पण नटाला काय सांगणार? तो संथ बोलायला लागला, मागून उजेड सोडला, की माणूस हरवतो. अगदीच आपल्यातला केला, की देव हरवतो. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने 1912 मध्ये हा प्रश्न मुळातूनच निकालात काढला. तेव्हा त्यांचे पक्के नियम दोनच होते: नग्नता नको आणि पडद्यावर येशू नको. 1959 च्या 'बेन-हर'मध्येही येशूचा चेहरा दिसत नाही. याच्या विरुद्ध बाजूचा युक्तिवाद बराच जुना आहे. देवाने देह धारण केला, म्हणून त्याचं चित्र काढता येतं, असं दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती विचारवंताने आठव्या शतकात मांडलं आणि 787 मध्ये निकीयाच्या धर्मपरिषदेने प्रतिमांच्या बाजूने कौल दिला. (दादासाहेब फाळक्यांना गिरगावात येशूचा मूकपट पाहताना डोळ्यांपुढे राम-कृष्ण दिसू लागले, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. देवाला चेहरा द्यावा की नाही, हा पेच त्यांना पडलेला दिसत नाही. मूर्तीची सवय असलेल्यांना तो पडणारही नाही.)

आता कामाचं. वधस्तंभावरची येशूची सात वाक्यं प्रसिद्ध आहेत, पण ती एका ठिकाणी कुठेच नाहीत. येशूची कहाणी बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत येते: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. लूकमध्ये तीन, योहानात तीन, आणि मत्तय व मार्क या दोघांत मिळून एकच: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" चित्रपट बघताना कोणती वाक्यं घेतली ते टिपून ठेवा. सातही घेतली असतील, तर चार शुभवर्तमानांची चार वेगळी ईश्वरविज्ञानं एकाच हंडीत शिजवली आहेत. बहुतेक येशूपटांचा गुळमुळीतपणा इथूनच येतो.

इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीने 1964 च्या 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू'मध्ये हे टाळलं. त्याने फक्त मत्तय घेतला आणि संवादही तिथलेच ठेवले. आधी तो चर्चमधल्या चित्रांसारखी समोरासमोरची, गंभीर दृश्यं घेत होता. ती खोटी वाटू लागली तेव्हा त्याने झूम आणि हातातला कॅमेरा वापरला. येशूची चौकशी आपण गर्दीच्या डोक्यांआडून, लांबून बघतो. म्हणजे आपण न्यायाधीशाच्या जागी नाही, घाबरून मागे राहिलेल्या शिष्याच्या जागी उभे असतो. कुष्ठरोगी बरा होतो तो नुसत्या कटमध्ये: आधी विद्रूप चेहरा, पुढच्या शॉटमध्ये स्वच्छ. ना प्रकाशझोत, ना चमत्काराचं कौतुक.

मेल गिब्सनच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'चं (2004) सूत्र वेगळं आहे. सुरुवातीलाच बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या 53 व्या अध्यायातली ओळ येते: आमच्या अपराधांसाठी तो घायाळ झाला. पुढचे फटके याच ओळीचा विस्तार आहेत. सगळे रक्तावर वाद घालतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते संकलन. क्रुसावर खिळण्याच्या दृश्यात मध्येमध्ये येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन येतं, 'हे माझं शरीर आहे' हे शब्द येतात. मिस्सा (त्या भोजनाची आठवण करणारा चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) हे बलिदानच आहे, ही कॅथलिक शिकवण इथे केवळ कटने सांगितली आहे. पुनरुत्थानाला मात्र शेवटी जेमतेम एक-दोन मिनिटं. तारण दुःखसहनातच पूर्ण झालं, असं त्यातून नकळत ठरून जातं, आणि चित्रपटाची खरी उणीव मला तीच वाटते.

'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'वर (1988) गदारोळ झाला. तो पाहताना बायबलमधलं इब्री लोकांस पत्र 4:15 शेजारी ठेवा: सर्व प्रकारे पारखलेला, तरी निष्पाप. क्रुसावरचं लांबलचक स्वप्न, ज्यात येशू खाली उतरून संसार करतो, या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर उभं आहे. दुसरा अर्धा टिकतो की नाही, यावर वाद घाला. तो वाद निदान मुद्द्याचा असेल.

येशू नसलेल्या चित्रपटांत हमखास होणारी चूक म्हणजे ख्रिस्तप्रतीकं शोधत सुटणं. नायकाने हात पसरले की झाला ख्रिस्त! 'बॅबेट्स फीस्ट'मध्ये (1987) टेबलाशी बारा जण आहेत म्हणून ते प्रभुभोजन, एवढ्यावर थांबलात तर चित्रपट हातचा गेला. डेन्मार्कमधल्या धार्मिक गावकऱ्यांत राहणारी फ्रेंच स्वयंपाकीण बॅबेट लॉटरीचे दहा हजार फ्रँक, म्हणजे जवळचं सगळं, एका जेवणावर घालते. खाणाऱ्यांनी मात्र अन्नाबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं आधीच ठरवलंय. देवाच्या कृपेबद्दलची ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाची) शिकवण इथे आहे: ती कमावलेली नाही, घेणाऱ्याला तिची किंमतही कळलेली नाही, तरी ती काम करते. जुनी भांडणं मिटतात. ज्याला पदार्थांची पारख आहे असा पाहुणा एकच, तो जनरल, आणि कृपेवर बोलतोही तोच.

पाहण्याचा क्रम: आधी मत्तयाचे 26 ते 28 अध्याय वाचा, अर्धा तास पुरतो. मग पाझोलिनी, मग गिब्सन, शेवटी बॅबेट. गिब्सन आधी पाहिलात, तर डोळ्यांना फटक्यांची सवय होते आणि पाझोलिनी कोरडा वाटतो.