बोंड पुण्यापर्यंत टिकत नाही

नमस्कार भाऊ,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ तुमचं काजूचं भाट, म्हणजे बाग आहे, घरामागे लहानसं कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्याची बाग. लेक साखळीच्या सरकारी कॉलेजातून बीएस्सी झाली. पुण्यात तिला महिना अठरा हजारांची नोकरी चालून आलीय, पण ती म्हणते गावातच बोंडांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आणि कोकमाचा उद्योग काढते. कोल्हापूरची मैत्रीण भागीदार व्हायला तयार आहे, तिला इथं जमीनही घ्यायचीय. तुम्हाला हवी सरकारी नोकरी. आणि शेवटी तुम्ही विचारता, "सत्तरीत आहे काय? मायनिंग बंद झालं तेव्हा माझे दोन ट्रक दारात गंजले."

ट्रकांपासूनच सुरुवात करू. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मग सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पिसुर्ले-होंडा पट्ट्यातल्या किती घरांचे हप्ते तेव्हा थकले, ते तुम्ही मला सांगायचं. लोहखनिजाची माती परदेशी जायची आणि गावात उरायचं ते ट्रकाचं भाडं. म्हणून कुणी तालुक्यात धंदा काढतो म्हटलं की मी आधी एवढंच बघतो: असा कोणता माल आहे, ज्याचं काय करायचं ते गावातच करावं लागतं?

काजूची बी तो माल नव्हे. सुकवून पोत्यात भरली की ती महिनोन्महिने टिकते, कुठूनही कुठेही जाते. गोव्यातल्या कारखान्यांना इथली बी पुरत नाही, ते आफ्रिकेतून मागवतात. चार किलो बियांतून जेमतेम किलोभर गर निघतो, आणि भाजणं-फोडणं-सोलणं या धंद्यात मोठी मंडळी कधीच बसलीत. गोव्याच्या काजूगराला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फायदा पुढे होईल. पहिल्याच वर्षी तिने त्यात पडू नये.

बोंडाचं मात्र वेगळं. बीच्या सहा-सातपट वजनाचं, आणि आज पडलं की उद्या आंबायला लागतं. पुण्याचं सोडा, ते फोंड्यालाही धड पोचत नाही. भट्टी भाटात असते ती याचमुळे. हुर्राक-फेणी या बोंडाच्या दारूचं ठीक आहे, फेणीला तर २००९ मध्येच मानांकन मिळालं. पण भट्टीपर्यंत न जाणारं केवढं तरी बोंड झाडाखाली कुजतं. सिरप, जॅम, सुकवलेल्या फोडी: तुमच्या लेकीची जागा तिथे आहे. कोकमाची सोलं, आगळ (खारवलेला रस), फणसाची साटं (फणसपोळी) हीदेखील त्याच जातीची. कच्चा माल दारात, आणि गिऱ्हाईक किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, दीड-दोन तासांवर. चोर्ला घाटाने वर चढलं की बेळगाव. मोप्याचा विमानतळही झालाय, तिथून परतणारा माणूस पिशवीत काहीतरी गोव्याचं घेऊन जातोच. सत्तरीत काय आहे, याचं माझं उत्तर हे.

आता तिला एक प्रश्न विचारा: "ऑगस्टमध्ये तू काय करणार?" बोंडं मार्च ते मे, कोकम त्याच सुमाराला, फणस थोडा पुढे. पाऊस लागला की सोलं वाळत नाहीत आणि वीजही हमखास दगा देते. यंत्राचा हप्ता मात्र बारा महिने. कुळागरातली केळी, जायफळाची साल, मिरी यांतून तिने वर्ष भरून दाखवलं, तर मी तुमच्याविरुद्ध तिची वकिली करीन. नाही दाखवलं, तर हा धंदा नव्हे, उन्हाळी हौस आहे.

पण लगेच कर्जही नको. दोन हंगाम तिने जवळच नोकरी करावी. दिचोलीत नेस्लेचा कारखाना आहे. होंडा, पिसुर्ले, भुईपाल इथल्या वसाहतींत चौकशी करावी. पुण्याच्या अठरा हजारांतून खोलीभाडं आणि खाणावळ वजा करा, मग घरून जाऊन मिळणारे चौदासुद्धा कमी वाटणार नाहीत. गुणवत्ता तपासणी, पॅकिंग, माल परत कशामुळे येतो, हे दुसऱ्याच्या पैशावर शिकता येतं. रविवारी घरी पन्नास बाटल्या भराव्यात आणि विकून बघाव्यात.

पैशाचं म्हणाल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान असतं, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. दहा लाखांचा प्रकल्प असेल तर अनुदान साडेतीन लाख. ते हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. दारू गाळायला ही योजना चालत नाही, तेव्हा फेणीचा विचार असेल तर तो वेगळा ठेवा. अटी बदलत असतात, उद्योग खात्यात जाऊन ताजा कागद बघा.

मैत्रिणीने जमिनीची घाई मुळीच करू नये. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आहे. शिवाय आपल्या सत्तरीत आल्वारा-मोकाशाच्या, म्हणजे जुन्या सनदा-इनामांच्या, जमिनींचा घोळ तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. कसणारा एक, वन-फोर्टीनवर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, नाव दुसऱ्याचं. बँक आधी तोच कागद मागते. बाहेरून येणाऱ्याने भागीदारीत पैसा आणि बाजाराची ओळख आणावी, शेड भाड्याने घ्यावी. दोघींतला करार मात्र वकिलाकडून लिहून घ्या, मैत्री कितीही जुनी असली तरी.

सरकारी नोकरीच्या परीक्षा तिला देऊ द्या, मी अडवत नाही. रहिवासाचा दाखला आहे, कोकणी येते. फक्त निकालाची वाट बघत घरात बसवू नका. अशी तीस-बत्तीस वर्षांची मुलं माझ्याकडे दर आठवड्याला येतात, आणि त्यांना काय सांगावं ते मलाही सुचत नाही.

या मार्चमध्ये एक काम दोघांनी मिळून करा. आठवडाभर रोज संध्याकाळी भाटात कुजायला पडलेली बोंडं गोळा करून काट्यावर घाला आणि वजन वहीत लिहा. ती वही घेऊन माझ्याकडे या. लेकीला सोबत आणा, नुसते तुम्ही नको.