न दुखणारी, हाताला सरकणारी गाठ साधी वाटत असूनही सुईची तपासणी कशाला?

तुमचे वय 28 आहे, स्तनातली गाठ दुखत नाही, बोटाखाली सरकते आणि डॉक्टरांनाही ती साधीच वाटते; मग सोनोग्राफी आणि सुईची तपासणी कशासाठी, असा तुमचा प्रश्न आहे. शल्यचिकित्सक म्हणून मला हा सल्ला योग्य वाटतो.

या वयातली गुळगुळीत, रबरासारखी घट्ट, बोटाखालून निसटणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोॲडिनोमा असते आणि तो कर्करोग नव्हे. मात्र केवळ हाताच्या अंदाजावर तसे ठामपणे म्हणता येत नाही, कारण काही कर्करोगही सुरुवातीला असेच सुटे लागतात आणि झपाट्याने वाढणारी फायलोड्स नावाची गाठ तर सोनोग्राफीतही फायब्रोॲडिनोमासारखी दिसू शकते. गाठ दुखत नाही याचाही फारसा दिलासा मानू नये. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. म्हणून हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा या तिन्हींचे निष्कर्ष जुळतात का, हे आम्ही पाहतो, आणि एकातही शंका उरली तर बाकी दोन चांगले आले म्हणून थांबत नाही. पंचविशीच्या आत सोनोग्राफीतले चित्र अगदी ठरावीक असेल, तर सुई टाळली जाते, हेही खरे. सुई टोचल्याने कर्करोग पसरेल या भीतीने (ती मला फार वेळा ऐकावी लागते) तपासणी लांबवणे अधिक धोक्याचे आहे.

पाळीपूर्वी दोन्ही स्तन जड आणि गाठीगाठींचे लागत असतील, तर पाळीनंतर पुन्हा तपासून घ्यावे. साधारण 35 ते 50 या वयात पाण्याची गाठ अधिक आढळते. सुईने पाणी काढल्यावर ती नाहीशी झाली तर बहुधा काम संपते, पण पाणी रक्तमिश्रित असेल किंवा गाठ उरली, तर पुढे तपासावेच लागते.

तुमच्या गाठीचे निदान फायब्रोॲडिनोमा असे पक्के झाले आणि ती 3 सेंटिमीटरपेक्षा लहान असली, तर बहुधा ती काढावी लागणार नाही. अधूनमधून तपासणी पुरते. दरम्यान गाठ वाढू लागली, त्वचेला खळगा पडला, स्तनाग्र नव्याने आत ओढले गेले, त्यातून रक्त आले किंवा काखेत गाठ लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.