विदर्भातल्या छोट्या गावाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा: गाव कापसाच्या पट्ट्यातलं, आठवडी बाजार आणि बंद पडलेला जीन (कापसातून सरकी काढायचा कारखाना) एवढीच ओळख, गॅझेटियरमध्ये जेमतेम चार ओळी. मग इतिहास लिहायचा कशावरून?

आधी गाव वर्धा नदीच्या कोणत्या अंगाला आहे ते बघा, कारण सगळं दप्तर त्यावर ठरतं. पश्चिमेला वऱ्हाड. ते 1853 पर्यंत निजामाच्या कारभारात होतं, मग इंग्रजांकडे गेलं, जमीन रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. तिथे पुढे मालगुजारी आली, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा; ती 1951 मध्ये संपली. त्यामुळे वऱ्हाडात सर्व्हे नंबर आणि पाटील-देशमुखांची गढी धरून चाला. नागपूर-भंडारा-चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) खसरा नंबर (जमिनीच्या तुकड्याचा नंबर), निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद) मागा. गुरं कुठे चरायची, मसणवट कोणतं, हे निस्तार पत्रकात खसरा नंबरासकट असतं. गावाचं इतकं जिवंत वर्णन दुसऱ्या सरकारी कागदात क्वचितच मिळेल.

नकलेसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना मौजाचं (महसुली गावाचं) नाव, नंबर आणि साल लिहा. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर देऊन जुना कागद बहुधा सापडत नाही, कारण जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदलले. जुना नंबर भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढून घ्या. नावाचा घोळही टाळा. बुद्रुक-खुर्द तर आहेतच, शिवाय एकाच तालुक्यात दोन पिंपळगाव असू शकतात.

बरेच जण अडतात ते पुढच्या गोष्टीवर. 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, म्हणून 1951 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तकं महाराष्ट्राच्या यादीत मिळत नाहीत. त्याआधीचं मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाखाली शोधा. 1905 पूर्वीचं असेल तर वाशीम (तेव्हाचं बासिम), वूण (पुढचा यवतमाळ) आणि एलिचपूर (आजचं अचलपूर) हे वेगळे जिल्हे होते, हे ध्यानात ठेवा.

माणसांसाठी कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही) आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीला बाळाचं नाव बहुधा नसतं. तारीख, बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. बारशाआधीच नोंद व्हायची. म्हणून नावाने शोधू नका, बापाच्या नावाने आणि सालाने शोधा. मृत्यूच्या रकान्यात एकाच महिन्यात ओळीने ‘हैजा’ (पटकी, कॉलरा) किंवा ‘ताप’ दिसला, तर त्या सालाची साथ तुमच्या हाती आली. 1918 ची, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीची, पानं आवर्जून बघा.

आता कापूस. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवी युद्धात वऱ्हाडच्या रुईला भाव आला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि स्टेशनाजवळच्या खेड्यांची बाजारगावं झाली. कारंज्याचा कापूस बाजार 1886 पासून नियमाखाली आला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. तुमच्या गावाचा बाजार याच्या आधीचा की नंतरचा, हे ठरवलं की निम्मा इतिहास जागेवर बसतो. बंद जिनात गेलात तर बॉयलरवर किंवा प्रेसवर (कापसाच्या गाठी दाबायच्या यंत्रावर) बनवणाऱ्याची पाटी शोधा; तिच्यावर साल असू शकतं. पण ते यंत्राचं साल. यंत्र दुसऱ्या जिनातून आणलेलं असेल तर जीन त्यापेक्षा बराच नवा निघतो, म्हणून जागेच्या खरेदीखताशी ताळा घ्या.

देवळावर किंवा विहिरीवर शके लिहिलेलं असेल तर 78 मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा 79. फसली (जुन्या महसुली कालगणनेचं) साल असेल तर दक्षिणी फसलीत साधारण 590 मिळवतात.

शिवारात ‘रिठी’ लागलेला एखादा मौजा असेल तर तो सोडू नका. ते उठून गेलेलं गाव. तिथल्या पांढऱ्या मातीत खापरं दिसतील. ती उचलू नका, जागेवरच फोटो घ्या. मग तुमच्या गावातल्या कोणत्या घरांचा देव अजून त्या रिठीत आहे, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती घरं तिथूनच आली असण्याची शक्यता मोठी.