मायग्रेन असेल तर गरोदरपणात आणि अंगावर पाजताना गोळी चालते का?

सहावा महिना, डोकं फुटतंय आणि सासूबाई म्हणतात ‘सहन कर, गोळीने बाळाला अपाय होईल’, हे वाचलं आणि राहवलं नाही. एरवी मी इथे नुसती वाचते.

माझं गरोदरपण बरं गेलं. चौथ्या महिन्यानंतर मायग्रेन जवळजवळ गायब, पुष्कळ जणींचं होतं तसं. बाळंत झाल्यावर 18व्या दिवशी व्याजासकट परत आलं. इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम उतरतं ना. आमचं घर ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, त्यात नवरात्र. खाली लाउडस्पीकर, वर खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं. आत्येसासूंचं निदान तयार: डोक्यात वारं शिरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘पाठीतलं इंजेक्शन.’ अहो, माझी नॉर्मल झाली, ते इंजेक्शन दिलंच नव्हतं! दोन दिवस ओकत होते, पाणी ठरेना, पण गोळी घेतली तर म्हणे दूध बिघडेल. आत्या स्वतः गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घ्यायच्या, ते वेगळं.

शेवटी नवरा गर्दीतून वाट काढत माझी जुनी गोळी घेऊन आला. त्यात एर्गोटामाइन. ते गरोदरपणातही नको आणि पाजतानाही नको. बरं झालं, आधी आमच्या गायनॅक मॅडमना फोन केला. त्यांनी बोलावून पहिलं बीपी बघितलं, मग पॅरासिटामॉल दिली, तिने भागेना तेव्हा सुमाट्रिप्टान, हे मायग्रेनचंच औषध. ते दुधात अगदी थोडं उतरतं, त्यामुळे पाजणं एकदाही बंद केलं नाही.

तुम्हालाही पहिली पॅरासिटामॉलच, डॉक्टर सांगतील तेवढी. आयब्युप्रोफेन पाजताना चालतं, पण गरोदरपणात 20व्या आठवड्यानंतर मनाने नाही, म्हणजे आत्ता तुम्हाला नाहीच. मायग्रेन येऊ नये म्हणून रोज घ्यायचं व्हॅलप्रोएट किंवा टोपिरामेट चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, ती बाळाला अपाय करू शकतात, मनाने बंदही करू नका.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: दुखणं नेहमीपेक्षा वेगळं असेल, एकदम उठलं असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा चेहरा सुजला असेल तर मायग्रेन समजून पडून राहू नका. त्याच दिवशी बीपी तपासून घ्या. बीपी वाढलेलं असू शकतं, आणि बाळंतपणानंतरही 6 आठवडे हा धोका असतो. मी डॉक्टर नाही.

आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. मी आत्यांना नेलं नाही. मुलगा आता शाळेत जातो, पण त्याला सर्दी झाली की त्या अजून त्या गोळीचं नाव काढतात.