काम दिवसभर करतो, पण फोन आणि हिशेब टाळतो, ही भीती कशी जाईल?

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं शिलाई युनिट आहे, तीन महिन्यांपासून कापडवाल्याचे फोन उचलत नाही, शाळांकडे अडकलेले पैसे मागायला जीभ रेटत नाही, हिशेबाची वही उघडवत नाही, आणि शेवटी एक ओळ लिहिलीय, 'आळशी नाही मी, रात्री 11 पर्यंत मशीनवर असतो'. त्या एका ओळीसाठी हे उत्तर लिहून राहिलो, कारण मी बरोबर तिथेच बसलेलो होतो आणि मला कोणी सांगितलं नव्हतं की ते रात्री 11 पर्यंतचं काम हेच टाळणं आहे.

माझं नागपुरात, लालगंजात, मिठाईच्या डब्यांचं काम आहे. डुप्लेक्स बोर्ड म्हणजे डब्याचा जाड पुठ्ठा आणायचा, डायवर म्हणजे कापायच्या साच्यावर पंच करायचा, घड्या पाडून खळीनं चिकटवायचा, गठ्ठे बांधायचे आणि इतवारी, सीताबर्डी, सदरच्या दुकानांत पोचवायचे. चार माणसं आहेत हाताखाली. राखीपासून दिवाळीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो आणि त्या सीझनचा बोर्ड आधी उधारीवर उचलावा लागतो, म्हणजे पैसे आधी अडकतात आणि मिठाईवाले देतात दिवाळीनंतर, कधी संक्रांतीला, कधी होळीला.

एका वर्षी असं झालं की दिवाळी संपली आणि पैसे आलेच नाहीत. बोर्डवाल्याचे फोन सुरू झाले. पहिला फोन मी खरंच मशीनवर असताना आला, हाताला खळ होती, नाही उचलला. आणि रिंग बंद झाल्यावर छातीत जे हलकं वाटलं ना, ते मला आजही आठवते. दोन मिनिटांचंच हलकेपण होतं ते, पण त्याची सवय लागली. पुढच्या वेळी फोन वाजला की मी हात खळीत घालायचो. खरं सांगतो, मुद्दाम घालायचो. पेस्टिंग करणाऱ्या मावशी बाजूला असायच्या, त्या म्हणायच्या, "द्या ना भाऊ, मी धरते कानाशी," आणि मी म्हणायचो राहू द्या, नंतर करतो. मग फोन उलटा ठेवायला लागलो, मग सायलेंटवर, मग बोर्डवाल्याची गांधीबागेतली गल्ली टाळायला लांबचा फेरा मारून सीताबर्डीला जायला लागलो.

आणि या सगळ्या काळात मी कधी नव्हे इतकं काम करत होतो. पंचिंगवर माणूस असताना स्वतः उभा राहायचो, डाय घासायचो, गठ्ठे पुन्हा मोजायचो. घरी सगळे म्हणायचे किती मेहनत करून राहिला हा. मला जे येते तेच मी दिवसभर करत होतो, कारण मशीनसमोर मला कोणी प्रश्न विचारत नव्हतं, आणि टेबलावर बसलो की विचारणार होते. तुमचं शिवणकाम कदाचित तसंच असेल, बघा विचार करून. कारागीर म्हणून जो माणूस चांगला असतो त्याला लपायला ही जागा फार सोयीची असते आणि बाहेरून ती कोणालाच दिसत नाही, उलट कौतुक होते.

मार्चमध्ये माझी मोठी बहीण सक्करदऱ्याहून आली. वर्षाचे गहू आले होते तिच्याकडे, त्यातले निम्मे आमच्याकडे आणले होते. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण टेबलाच्या ड्रॉवरमध्ये न उघडलेली पाकिटं पाहिली तिनं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी म्हणाली, "तू एकेक फोड, मी इथेच गहू निवडत बसते." आणि खरंच ताट मांडीवर घेऊन बसली, माझ्याकडे पाहिलं पण नाही. खडे ताटाच्या कडेला सारायची, तेवढाच आवाज. 23 पाकिटं होती. पहिलं फोडायला मला बहुतेक पाव तास लागला असेल, आत निघालं विम्याचं पत्रक. 14 पाकिटं तर अशीच निघाली, जाहिराती, बँकेची जुनी कागदं. उरलेल्या 9 मध्ये खरी कामं होती. मग तिनं विचारलं जीएसटीचं काय, आणि मी रडलो. 40 वर्षांचा माणूस, चार लोकांना पगार देणारा. लिहून राहिलो कारण तुम्हालाही असं होऊ शकते आणि त्यात काही बिघडत नाही.

जीएसटीचं असं होतं की सीझनमध्ये वेळ नाही म्हणून एका तिमाहीचं रिटर्न राहिलं, मग भीतीनं दुसरंही राहिलं. माझ्या डोक्यात लाखांचा दंड होता, दुकानाला सील, पेपरात नाव, काय काय. सोमवारी सीएकडे गेलो. दर दिवसाला 50 रुपये लेट फी लागते हे खरं, पण दीड कोटीपर्यंतच्या टर्नओव्हरवाल्याला तीन-बीची, म्हणजे टॅक्स भरायच्या रिटर्नची, ती एका रिटर्नमागे जास्तीत जास्त 2,000 रुपयांवर थांबते. दोन रिटर्नचे 4,000. टॅक्सवर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज, ते माझं साधारण 4,500 झालं. टॅक्स स्वतःचा 78,000, तो तर द्यायचाच होता. म्हणजे पाच महिने ज्याच्यासाठी मी झोपलो नाही त्या दंड-व्याजाचा आकडा होता साडेआठ हजार. पण हेही सांगतो की आणखी थांबलो असतो तर भारी पडलं असतं, तिमाही रिटर्नवाल्याची लागोपाठ दोन रिटर्न राहिली की नोंदणी रद्द करायची कारवाई सुरू होऊ शकते, मी त्या काठावरच होतो. तेव्हा काही नसते, उगाच घाबरू नका, असं मी म्हणणार नाही. असते. पण जे असते ते कागदावर एका ओळीत मावते.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली, ती मला जास्त लागली. सीताबर्डीचा एक जुना गिऱ्हाईक, चांगला माणूस, माझे 64,000 देत नव्हता आणि मला वाटायचं बुडवून राहिला. सीए म्हणाले, तुमची बिलं पोर्टलवर चढलीच नाहीत तर त्यांच्या टू-बी मध्ये, म्हणजे खरेदीच्या बिलांच्या यादीत, दिसणार कशी, त्यांना बिलावरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नसेल म्हणून अडवले असतील. तसंच निघालं. त्यांच्या अकाउंटंटनं मला यासाठीच चार वेळा फोन केला होता. ते फोन मी उचलले नव्हते, कारण मला वाटलं डब्यांची तक्रार असेल. मी रिटर्न टाळलं म्हणून पैसे अडले, पैसे अडले म्हणून बोर्डवाल्याला टाळलं. तुमच्याकडेही शाळांची बाकी आणि कापडवाल्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी नसतील, एकाच दोऱ्याची दोन टोकं असतील.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो. आधी आकडा. वहीचं एक पान, डाव्या बाजूला कोणाला द्यायचे, उजव्या बाजूला कोणाकडून घ्यायचे, नाव, रक्कम, किती दिवस झाले. बस. तेव्हा उपाय शोधायचा नाही, फक्त लिहायचं. आणि एकट्यानं नाही बसायचं, कोणीतरी बाजूला पाहिजे, सल्ला देणारा नको, नुसता बसणारा पाहिजे. जीएसटी सोडून माझं द्यायचं निघालं 2,31,000, त्यात बोर्डवाल्याचे 1,86,000. घ्यायचं निघालं 2,70,000 च्या वर. त्या पानाकडे मी किती वेळ पाहत बसलो माहीत नाही.

मग मशीनचा नियम. सकाळी 10 ला पंचिंग सुरू होते. ठरवलं की एक अवघड फोन झाल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही. माणसं सुरू करतील, मी नाही. हात कोरडे, खळीचा डबा झाकलेला. आणि पहिलं वाक्य आधी लिहून काढायचं, कारण सुरुवातच अडते, पुढचं आपोआप निघते. डब्याच्या कापलेल्या तुकड्यावर लिहिलं होतं, 'नमस्कार, तुमच्याकडे ऑगस्टचं बिल बाकी आहे, या आठवड्यात किती जमेल?' तो तुकडा अजून भिंतीला आहे.

सुरुवात सगळ्यात मोठ्या माणसापासून करू नका, लोक म्हणतात आधी अवघडाला भिडा, मला नाही पटत. माझा पहिला फोन 1,400 रुपयांसाठी होता, मानेवाड्याच्या एका छोट्या दुकानाला. आवाज कापत होता. ते म्हणाले हो हो, पाठवतो, आणि दुपारी आले पण. दुसऱ्या दिवशी 3,000 वाला. असं करत करत नवव्या दिवशी बोर्डवाल्याला लावला.

त्याच्यासाठी एक गोष्ट आधी ठरवली होती, ती तुम्हीही ठरवा. आधी मी कधीमधी फोन उचललाच तर म्हणायचो, "सोमवारी पक्का देतो." ते पण टाळणंच होतं, कारण तारीख मी द्यायसाठी सांगत नव्हतो, फोन संपवायसाठी सांगत होतो. या वेळी म्हणालो, तुमचे 1,86,000 आहेत, मला मान्य आहेत, एकदम नाही जमणार, दर शनिवारी 6,000 टाकतो, फोन उचलला नाही ही चूक माझी. तो बराच वेळ गप्प होता. मग चिडला, चांगला चिडला, आणि म्हणाला, आजपासून माल रोखीनंच मिळेल. माझी जी भीती होती ती खरी झाली. वर्षभर रोखीनं बोर्ड उचलला, एका सीझनला त्यामुळे दोन ऑर्डर सोडाव्या लागल्या. पण 31 शनिवार पैसे टाकले, एकही चुकवला नाही, आणि त्या फोननंतर रात्री मी झोपलो, ते पाच महिन्यांत पहिल्यांदा. एका गिऱ्हाइकानं तर फोनवर आवाज चढवला, 22,000 दिलेच नाहीत आणि दुसऱ्याकडून डबे घ्यायला लागला. गेले ते. सगळेच फोन गोड होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला वाईट फोन आला की तुम्ही पुन्हा मशीनवर जाऊन बसाल.

वसुली मागताना लाज वाटते, उपकार मागितल्यासारखं वाटते, त्यासाठी एक कामाचं. तुम्ही स्वतः शिवता म्हणजे उत्पादक आहात, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट आहे, ऑनलाइन होते, कोणाला पैसे देऊ नका. सूक्ष्म आणि लघु युनिटसाठी 2006 चा कायदा आहे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, आणि सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, बनवणाऱ्याला मिळते. 2023-24 पासून इन्कम टॅक्सलाही जोडलंय, मुदतीत नाही दिले तर प्रत्यक्ष देईपर्यंत समोरच्याला तो खर्च धरता येत नाही. ट्रस्टच्या शाळेला या टॅक्सच्या मुद्द्याचा फरक बहुधा पडणार नाही, दुकानदाराला पडतो. जुन्या बिलांसाठी याच्यावर विसंबू नका, नोंदणीनंतरच्यांना धरा. मी अजून एकदाही तक्रार केली नाही. फक्त बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख छापली. मार्चमध्ये दोन दुकानांच्या अकाउंटंटचे स्वतःहून फोन आले. आणि तारीख छापलेली असली की मागताना आवाज वेगळा निघतो, कारण तुम्ही तारखेबद्दल विचारता, मेहरबानीबद्दल नाही. खूप जुनी बाकी असेल तर तेही बघा, पैशाच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते.

एक शेवटचं, आणि हे मनापासून. तुम्ही झोपेबद्दल काही लिहिलं नाही. झोप गेली असेल, फोन वाजला की छाती धडधडून घाम येत असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील तर आधी तिकडे बघा, वही नंतर. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येते. नागपुरात असाल तर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. धंद्याच्या काळजीसाठी तिथे गेलेली माणसं मी ओळखतो, कोणी त्यांना वेडं म्हटलं नाही.

उद्या सकाळी शिलाई मशीनवर कव्हर तसंच राहू द्या. पान घ्या, कापडवाल्याचं नाव सगळ्यात वर लिहा, पण फोन त्याला लावू नका. ज्या शाळेची बाकी सगळ्यात कमी आहे तिथल्या क्लार्कला लावा, शाळा उघडल्यावर लगेच, गर्दी व्हायच्या आधी. आणि घरातल्या कोणालातरी म्हणा, बाजूला बस जरा, काही बोलू नको.